दिवेलागणीचे पाहुणे

संध्याकाळ झाली की आमच्या कोपरीच्या इमारतीत घरोघरी दिवे लागायचे आणि कुमुदताई प्रधानांच्या घरातला दिवा जायचा. वीज गेलेली नसायची. त्या स्वतः उठून बटण बंद करायच्या, मागचं दार उघडायच्या आणि अंगणातल्या मधुमालतीच्या वेलासमोर खुर्ची टाकून बसायच्या. अंगावर इस्त्रीची साडी, केस नीट विंचरलेले. कुणी बघायला येणार असल्यासारख्या.

"दिवेलागणीला दिवा घालवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय," माझी बायको नंदा म्हणाली. ऐंशीचं दशक संपत आलेलं. आम्ही त्या इमारतीत तळमजल्यावर, कुमुदताईंच्या शेजारी, नुकतेच राहायला आलेलो.

दोनच दिवसांत ताईंनी आमचं मागचं दार वाजवलं. "तुमचा मागचा बल्ब तेवढा अर्धा तास बंद ठेवाल का? पाहुणे भरकटतात."

पाहुणे म्हणजे पतंग. दिव्यावर येऊन आमटीत पडणारे चिमुकले नव्हेत. हे बोटाएवढ्या जाड अंगाचे, हिरव्या-करड्या पंखांचे. इंग्रजीत यांना हॉकमॉथ म्हणतात, हेही ताईंनीच सांगितलं. हे फुलावर बसत नाहीत. फुलासमोर हवेत एका जागी थांबतात, पंख इतके भराभर हलतात की दिसतच नाहीत, आणि गुंडाळलेली लांबलचक सोंड सोडून मधुमालतीच्या नळीच्या तळाशी असलेला मध पितात.

ताईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेलेली. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्या तरी भाषा तिथलीच राहिली. अंगणात कुणी मोठ्याने बोललं की त्या बोट वर करून म्हणायच्या, "होल्ड करा." पतंगाची सोंड फुलात गेली की समाधानाने पुटपुटायच्या, "थ्रू झालं." आणि माझ्याकडे वळून, "सुधीर, याला म्हणतात ट्रंक कॉल."

त्यांची तगर मात्र कायम खराट्यासारखी. इतरांच्या तगरीला पांढरी फुलं, हिला नुसत्या काड्या. एकदा नंदा पूजेसाठी फूल शोधायला गेली आणि किंचाळत परत आली. फांदीवर एक जाडजूड हिरवी अळी होती. तिला मागे शिंग आणि पुढे निळे टपोरे डोळे.

"अगं, ते डोळे नाहीत, नुसते ठिपके आहेत," ताई शांतपणे म्हणाल्या. "शिंगसुद्धा दाखवायचंच. टोचत नाही. पाहुण्यांचं बाळ आहे ते. जेवू दे."

"पण तुमच्या देवाला फुलं कुठली?"

"देवाला सांगून ठेवलंय, लाइन बिझी आहे."

आमच्या घरी तेव्हा माझे वडील, अण्णा, होते. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून अण्णांनी बोलणं जवळजवळ सोडलंच होतं. जेवायला बोलावलं की यायचे, विचारलं की "हं" म्हणायचे. बाकी दिवसभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. डॉक्टर झाले, नातेवाईक येऊन समजावून गेले. मी चिडलोही, रडलोही. काही उपयोग झाला नाही.

मागचा बल्ब म्हणजे नेमका अण्णांच्या खोलीतला. ताईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो बंद करायला मी कचरलो. ताईंनी खिडकीतून आत पाहिलं आणि त्या घरी जाऊन दुसरी खुर्ची घेऊन आल्या.

"अण्णा, माझ्यासाठी तुम्हाला अंधारात एकटं बसवणं काही बरं नाही," त्या खिडकीतून म्हणाल्या. "बाहेर या. बोलायचं अजिबात नाही. इथे बोलायला परवानगीच नाहीये."

का कोण जाणे, अण्णा उठले. जिथे बोलावंच लागत नाही अशी जागा त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच मिळाली असावी. दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच जायला लागले. संध्याकाळी स्वतःहून दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे. दोघं शेजारी शेजारी, एक अक्षर न बोलता, वेलाकडे बघत बसलेले. नंदा दाराच्या फटीतून बघायची आणि मला हळूच खूण करायची.

अंगणात पपईची दोन झाडं होती. एक फळांनी लगडलेलं. दुसऱ्याला नुसते फुलांचे लांब झुबके लोंबायचे, फळ कधीच नाही. एका रविवारी संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी मोघे कोयता घेतलेल्या माणसाला घेऊन आले.

"हे झाड नुसतं जागा अडवतंय," ते म्हणाले. "इथे सायकलींसाठी शेड टाकू."

"मोघे, होल्ड करा," ताई उठल्या. "तो नर आहे. पाहुणे त्याच्या फुलावर येतात, पराग अंगाला लागतात, ते घेऊन तिच्याकडे जातात. म्हणून तिला पपया लागतात. ह्याला तोडलंत तर तिचीही फळं जातील."

"किडे पपया लावतात?" मोघे हसले. "मग आमच्या ट्यूबलाइटवर येतात ते काय, भाजी निवडतात?"

गच्चीतून, खिडक्यांतून बघणारे सगळे हसले. कोयतेवाला पुढे झाला.

"मोघे, झाड राहू दे."

आवाज खुर्चीतून आला होता. अण्णा काठीवर भार देऊन उभे राहिले. "मी बघितलंय. ह्या झाडावरून त्या झाडावर जातात. ताई सांगतात ते खरं आहे. आणि शेड हवी असेल तर जिन्याखाली जागा आहे."

मी पायरीवर उभा होतो. नंदाने माझा दंड घट्ट धरला. इतकी वाक्यं एका दमात अण्णा वर्षभरात बोलले नव्हते. मोघ्यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण वडीलधाऱ्या माणसापुढे ते नरमले. "अण्णा म्हणतायत तर राहू दे," म्हणत निघून गेले. त्या मोसमातल्या पपया ताईंनी घरोघर वाटल्या. मोघ्यांना सर्वात मोठी दिली.

त्यानंतर अण्णा बोलू लागले. आधी पतंगांबद्दल, मग पपयांबद्दल आणि हळूहळू आईबद्दल. माझे वडील मला ताईंनी परत दिले, असं मी आजही मानतो.

पुढे एकदा अण्णांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. भेटायची वेळ संध्याकाळची, म्हणजे नेमकी पाहुण्यांची. भाच्याच्या लग्नाच्या स्वागत समारंभालाही संध्याकाळची वेळ म्हणून न गेलेल्या कुमुदताई पहिल्याच दिवशी वॉर्डात हजर. दुसऱ्या दिवशीही आल्या आणि रोज येत राहिल्या. अण्णा बोलायचे, त्या ऐकायच्या.

अण्णांना घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी ताई आणि मी रिक्षाने परत येत होतो. मी म्हणालो, "ताई, आमच्यासाठी तुम्ही तुमच्या संध्याकाळी मोडल्यात. कसे उपकार फेडू?"

"उपकार कसले?" त्या म्हणाल्या.

"तुझ्या लक्षात आलंय का रे? मी निघाले की अण्णा रोज विचारतात, 'ताई, जेवणाचं काय केलंत?' माझी आई गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. पाहुणे येतात, मध पितात, जातात. ते काही विचारत नाहीत." मग जरा हसल्या. "मी रोज सांगते, भात लावलाय. खरं म्हणजे एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो. चहा-बिस्किटं खाऊन झोपते."

घर आल्यावर मी त्यांना त्यांच्या दाराकडे वळू दिलं नाही, सरळ आमच्याकडे नेलं. नंदाला आत जाऊन दोन शब्दांत सांगितलं. तिने एक ताट जास्त घेतलं, गरम भात वाढला, वर वरण आणि तुपाची धार सोडली.

"ताई, उद्यापासून कुकर एकच लावायचा," ती म्हणाली. "आमचाच. अण्णाही घरी येतायत, पंगत होईल."

ताई मान खाली घालून भात कालवत राहिल्या. मग पहिला घास घेतला आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मीठ बेताचं आहे हो. छान झालंय."