दोन इंचांचा थाट

निवृत्त पोस्टमास्तरांच्या जुन्या गाडीचे चारही टायर पार गुळगुळीत झाले होते, आणि दुसऱ्याच दिवशी लेक तिच्या पाच दिवसांच्या बाळासह दवाखान्यातून घरी यायची होती.

"तेरा इंची मागवायला आठवडा लागेल," टायरवाला म्हणाला. "पंधरा इंची आजच बसवतो, रिमसकट. रुंद, चकचकीत. काय रुबाब येईल बघा!"

"पण बसतील ना?"

"बसतील? अहो, धावतील!"

तिकीट कमी असलं तर पाकीट परत पाठवणारे मास्तर नातीच्या ओढीनं विरघळले. चाकं बसली, गाडी बोटभर उंच झाली. एकट्यानं मारलेली फेरी लोण्यासारखी झाली.

"टाचांच्या चपला घातलेली म्हातारी दिसतेय," बायकोनं शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी मागे बायको, लेक आणि बाळ, डिकीत तीन बॅगा. गाडी खाली दबली. पहिल्याच खड्ड्यात मडगार्ड टायरला घासलं. खर्रर्र! बाळानं टाहो फोडला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं, नवीन आहेत. बसतील हळूहळू."

"ते बसतील तोवर आपण उठू," बायको म्हणाली.

उजवीकडे वळलं की पुढचं चाकही घासायचं. म्हणून मास्तर फक्त डावीकडे वळू लागले. एका उजव्या वळणासाठी तीन डावी! त्याच औषधाच्या दुकानावरून गाडी तिसऱ्यांदा गेली तेव्हा दुकानदारानं ओळखीचा हात केला. पुढच्याच गतिरोधकावर रबर जळाल्याचा वास आला आणि मास्तरांनी घाबरून एका फाटकासमोर ब्रेक दाबला.

बनियनवर एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. जन्मभर गॅरेज चालवलेले मिस्त्री. त्यांनी चाकाकडे नुसतं पाहिलं.

"पंधरा इंची? कुणी सांगितलं?"

"टायरवाल्यानं."

"त्याच्याकडे जे होतं तेच तो सांगणार." त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरची पट्टी दाखवली. "माप इथं लिहिलंय. कधी वाचलं नाहीत?"

मास्तर ओशाळले. जन्मभर जगाचे पत्ते वाचले, आणि स्वतःच्या दारावरचा मजकूर राहून गेला!

"माझीही अशीच गाडी होती. गेल्या वर्षी भंगारात गेली. टायर नुकतेच घातले होते, ते द्यायला जीव होईना. थांबा."

मागच्या खोलीतून तेरा इंची चार चाकं निघाली. मिस्त्रींच्या बायकोनं लेकीला आत नेलं, पंखा लावला, बाळाला स्वतःच्या पलंगावर निजवलं. बाहेर मिस्त्री पाने फिरवत होते आणि मास्तर एकेक नट ओंजळीत सांभाळत होते. तासाभरात गाडी पुन्हा पूर्वीसारखी बुटकी, शहाणी झाली. अंगणात उजवीकडे वळवून पाहिली. आवाज नाही. बायको आणि लेक बाळाला घेऊन पुन्हा मागे बसल्या.

मास्तर मिस्त्रींकडे वळले. "तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार तर तुमचे!" मिस्त्रीणबाईंनी हात जोडले. "वर्षभर सांगतेय, ती चाकं हलवा. आज माझी खोली मोकळी झाली!" आणि त्या उत्साहानं केरसुणी आणायला आत गेल्या.

तेवढ्यात मिस्त्रींनी ती चकचकीत पंधरा इंची चाकं मागच्या खोलीच्या त्याच कोपऱ्यात रचली, वर पोतं टाकलं.

"असू द्या," ते मास्तरांच्या कानाशी कुजबुजले. "कुणाला तरी लागतील."

केरसुणीचा आवाज जवळ येऊ लागला, तशी मास्तरांनी गाडी सुरू केली.