पायरीवर जेवणारा मालक

हॉटेलचा मालक आपल्याच हॉटेलाच्या पायरीवर बसून घरून आणलेला डबा खातोय, असं कधी बघितलंय का तुम्ही? नसेल तर एकदा दुपारी आमच्या गल्लीत या. सोलापुरातल्या जुन्या गिरणीच्या मागची गल्ली. सात रस्त्यावर कुठल्याही रिक्षावाल्याला 'मेक्सिकन चन्नप्पा' म्हणा, तो हसत हसत आणून सोडेल.

आत टेबलं मांडलेली, पंखे फिरतायत, मक्याच्या रोट्या भाजल्याचा वास सुटलाय. आणि बाहेर पायरीवर मालक मांडीवर फडकं पसरून कडक भाकरी मोडतोय. भाकरीवर शेंगाचटणी, बाजूला कांदा. येणारं गिऱ्हाईक आधी बोर्डाकडं बघतं, मग मालकाकडं, मग एकमेकांकडं. "मालकच हितलं खात नाही, आपण कशाला खायचं?" असं म्हणून परत गेलेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत.

"अरं, निदान आत बसून तरी खा," मी म्हणायचो.

"आत न्हाय. ते घर माझं न्हाय, सिदबा."

भाडं हा भरतो, कुलूप हा लावतो, आणि म्हणे घर माझं नाही.

सिदबा म्हणजे मी, सिद्राम. शेजारी राहतो. चौथीपर्यंत शाळा, पुढं जन्मभर रिक्षा. तोंडाचा फटकळ आहे. मी कुणाला काही बोललो की मागनं आमची ही जाऊन निस्तरायची. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. आता निस्तरणारं कुणी नाही, तेव्हा कुणाला लागलं तर लागू द्या.

चन्नप्पाचं आधी चादरींचं दुकान होतं. गिरणी बंद पडली तशी आमची गल्लीही बसली. नंतर कुणाच्या तरी मनात आलं आणि गल्लीत फरशी आली, पिवळे दिवे आले, भिंतींवर मोर रंगवले. जिथं सुताचे गठ्ठे पडायचे तिथं पोरंपोरी कॉफी घेऊन बसायला लागली. सगळे म्हणाले, चन्नप्पा आता चहाची गाडी तरी टाकेल. याने एका सकाळी चादरी गुंडाळून ठेवल्या आणि जाहीर केलं, "मेक्सिकन काढतो."

गल्लीला वाटलं, काहीतरी मशीन असेल.

याची एकुलती एक लेक महानंदा. आई लहानपणीच गेली, यानंच वाढवली. वेणी घालता यायची नाही म्हणून आमच्या हिच्याकडं पाठवायचा. पोरगी शिकली, कॉम्प्युटरच्या नोकरीला अमेरिकेत गेली आणि तिथंच लग्न केलं. जावई मूळचा मेक्सिकोचा, नाव रमोन. चन्नप्पा त्याला रामण्णा म्हणतो. जावयाला अजून डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, फक्त फोनवर.

तर एकदा महानंदा फोनवर बोलून गेली, "आप्पा, हितं सासूबाई हातानं भाकरी करतात. मक्याची. वर मिरचीचा ठेचा आणि घेवड्याची उसळ." झालं. याच्या डोक्यात किडा शिरला. लेकीच्या ताटात रोज काय पडतं, ते याला बघायचं होतं. रोज विहीणबाईंना फोन. त्यांना याची भाषा येत नाही, याला त्यांची. मी समोर बसून बघितलंय हे. तिकडून बाई मका दाखवायच्या, इकडून हा मान हलवायचा. मग त्यांनी चिमटीत पांढरं काहीतरी धरलं. चन्नप्पाने फोन डोळ्याला लावला, आणि एकदम ओरडला, "अगं बाई, ह्यो तर चुना!" पळत जाऊन पानाच्या चंचीतली चुन्याची डबी आणली आणि फोनला दाखवली. तिकडं बाईंनी टाळ्या वाजवल्या. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा असतो, हे आमच्या गल्लीला असं कळलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या चांभाराने विचारलं, "काय चन्नप्पा, आता लोकांना चुना लावणार म्हणं?"

"लावणार की. पैलं गिऱ्हाईक तू."

मका मोहोळच्या बाजारातून आला. रोट्या दाबायचं लोखंडी यंत्र लेकीनं तिकडून पाठवलं, त्याला याने हळदकुंकू लावलं. मटणाचं नाव काढायचं नाही, कारण चन्नप्पा लिंगायत. सोलापुरात येऊन मटण नाही आणि वर मेक्सिकन, म्हणजे दोन्हीकडनं गेला म्हणा. बोर्ड रंगवणाऱ्याला हा म्हणाला, मोठी टोपी घातलेला मेक्सिकन माणूस काढ. पेंटरने कधी बघितलेला नव्हता. त्याने धनगर काढला आणि डोक्यावर परात ठेवली. चन्नप्पा लांब जाऊन बघत राहिला, मग म्हणाला, "चेहरा ओळखीचा वाटतोय, चालंल."

गिऱ्हाईक दारात आलं की याचा पहिला सवाल, "ऊटा आतेन री?" म्हणजे जेवण झालं का. कानडी येत असो नसो, सगळ्यांना हेच. कुणी 'झालंय' म्हटलं तर हा म्हणणार, "मग कशाला उगं पोट फुगवता? उद्या या." धंदा करायची ही रीत मी तरी कुठं बघितली नाही. एकदा पुण्याहून आलेला एक तरुण ताटातली हिरवी चटणी चमच्याने उकरत म्हणाला, "काका, हे अव्होकॅडोचं नाहीये."

"न्हाय. ते फळ हितं लई महाग. ह्यो दुधी हाय. लिंबू पिळून."

"पण मग ते खरं मेक्सिकन नाही झालं ना?"

"बाळा, तू तरी खरा मेक्सिकन हाईस का? खा की." त्याने खाल्लं. दुसऱ्यांदा मागितलं पण.

रोज सकाळी माझ्या दारात हाक यायची. "सिदबा, ये रं. चाखून सांग."

हा स्वतः कधी चाखायचा नाही. मीठ नाही, आंबट नाही, काहीच नाही. हातावर थेंब घेऊन जिभेला लावायचा सुद्धा नाही. पाणी प्यायला माझ्या घरी यायचा, हॉटेलातलं पाणीही नाही. मी खायचो आणि म्हणायचो, "चालंल." रोज चालंल. एक दिवस मलाच कसंतरी झालं. म्हटलं, "चन्नप्पा, तू दुसरा माणूस बघ. ही गेल्यापासून मला गूळ आन् माती सारखीच लागतीया."

तव्यावरची रोटी उलटत तो म्हणाला, "ठाऊक हाय की."

"मग मला कशाला बोलावतोस?"

"दुसरं कोण हाय गल्लीत उपाशी?"

मी पुढ्यातली रोटी संपवली. दुसऱ्या दिवसापासून हाक यायच्या आधीच जाऊन बसायला लागलो.

पण हा का खात नाही, याचा मला पत्ता लागेना. पोटाचं दुखणं म्हणावं तर कडक भाकरी दगडासारखी मोडून खातो. नवस म्हणावा तर देवळात फार जात नाही. शेवटी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो आणि सरळ विचारलं. मी असाच विचारतो.

तो म्हणाला, "रीत हाय. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं न्हाय."

"हे सोलापूर हाय. लेकीचं घर तिकडं."

"रोटी तिच्या सासूची. यंत्र तिनं धाडलेलं. चव तिच्या घरची. मग घर कुणाचं झालं? मी हितं फकस्त राबायला हाय."

मी म्हटलं, "मग होईल की मूल, तवा खा."

तो भाकरीचा तुकडा बोटात फिरवत बसला. मग हळू सांगितलं. दोनदा राहिलं होतं महानंदाला. दोनदा गेलं. दवाखाने चालले होते. आता ती फोनवर त्यातलं काही काढत नव्हती आणि हाही विचारत नव्हता. आणि दिवाळी झाली की ती येणार होती, रमोनला घेऊन. तिनं सांगितलं होतं, "आप्पा, तुमच्या हॉटेलात मी रांधणार, आन् तुमाला माझ्या हातानं वाढणार."

"मग खा की! रीत पोरीपेक्षा मोठी हाय व्हय?" मी म्हणालो.

"तुला वाटतं मी रितीसाठी अडलोय?" चन्नप्पाने माझ्याकडं बघितलं. "अरं, न्हाय खाल्लं तर ती म्हणंल, आप्पा अजून टोचतोय. आन् खाल्लं तर म्हणंल, आप्पानं पण आशा सोडली. आता तू सांग. फटकळ हाईस की लई. सांग, काय करू?"

मी त्याच्या डब्यातला कांदा फोडून त्याच्यापुढं ठेवला. ही असती तर तिला सुचलं असतं.

दिवाळी झाली आणि ती आली. रमोन चांगला उंच. आत शिरताना चौकटीला डोकं आपटलं, मग ते चोळत चोळत सासऱ्याच्या पाया पडला. चन्नप्पा घाबरून गेला होता. त्याला दुसरं काही सुचेना, म्हणाला, "ऊटा आतेन री?"

रमोन सरळ उभा राहिला आणि शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, "इल्ल री." नाही झालं जी.

सगळी गल्ली हसली. चांभार म्हणाला, "चन्नप्पा, जावई तर आपल्या शेजारच्या कुंभारी गावचा निघाला की रं!"

महानंदाने पदर खोचला आणि चुलीसमोर उभी राहिली. केस मागं बांधलेले, आईसारखी मान. गल्लीतली माणसं टेबलांवर दाटीवाटीने बसली. ती यंत्रात रोट्या दाबत होती, रमोन वाढत होता. आग्रह करायला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, नको म्हणणाऱ्याच्या ताटात तो दोन दोन टाकत होता. चन्नप्पा मात्र आत टिकला नाही. थोड्या वेळाने बघितलं तर पायरीवर. फडकं मांडीवर, भाकरी तशीच गुंडाळलेली.

मी दाराला टेकून उभा होतो. महानंदा एक ताट घेऊन बाहेर आली आणि बापाच्या शेजारी पायरीवर बसली.

"आप्पा, ऊटा माडरी." जेवा.

"तुला ठाऊक हाय की गं, बाळा…"

"ठाऊक हाय." ताट तिनं मांडीवरच ठेवलं होतं. "आप्पा, आता वाट बघू नका. आमी दोघांनी थांबायचं ठरवलंय. दवाखाना बंद केला. मी बरी हाय. फोनवर सांगायला जीभ रेटत नव्हती, म्हणून आले."

चन्नप्पा समोरच्या भिंतीवरच्या मोराकडं बघत राहिला.

"कवा ठरवलंस?"

"झालं की लई दिवस."

"तवापासनं एकटीच घिऊन बसली हुतीस?"

"रमोन होता की."

"व्हय. रामण्णा हुता." त्याने मान हलवली. मग मांडीवरचं फडकं भाकरीसकट बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले. तिनं ताट दिलं. त्याने रोटीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला आणि तोंडात घातला.

आतून चांभाराने बघितलं आणि आरोळी ठोकली, "अरं, मालकानं खाल्लं! रीत मोडली लेकीसाठी!" आत टाळ्या सुरू झाल्या. रमोनला काहीच कळलं नाही, तोही टाळ्या वाजवायला लागला.

त्यांना वाटलं, आनंदाचं जेवण चाललंय. पण मी जवळ होतो. चन्नप्पा खाली बघून एकेक घास औषधासारखा गिळत होता. तसं जेवताना माणूस मी बघितलाय, मी स्वतःही तसा जेवलोय. घरातलं माणूस गेलं की माती देऊन आल्यावर शेजारचे जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. चुलीला हात लावायचा नसतो, भूक नसते, तरी तो गिळायचा असतो. इथं कुणी गेलं म्हणावं तर नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आणि कडू घास एकट्याला खाऊ देत नाहीत. कुणीतरी बरोबर बसावं लागतं.

मी दाराजवळची खुर्ची ओढली, मग ती सोडून दिली आणि पायरीवरच त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलो.

"महानंदा," म्हटलं, "मला पण वाढ गं."