मोठा लागलाय!

टेलरमास्तरांच्या बायकोने पहाटे उठून अख्खा फ्रीज रिकामा केला. भाज्या खिडकीत आल्या, दुधाचं पातेलं शेजारणीकडे गेलं.

"अहो, केवढा असतो हा ट्यूना?"

"माणसाएवढा," मास्तर कानांवर टोपी ओढत म्हणाले. "पण माशाचं काय घेऊन बसलीस? त्या ढब्बूने आधी बोललं पाहिजे!"

ढब्बू म्हणजे मास्तरांच्या दुकानाला भिंत लावून असलेला सलूनवाला. शाळेपासूनचा जिगरी दोस्त. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मुलीच्या लग्नात तो फोटोसाठी वाकला आणि मास्तरांनी शिवलेला कोट पाठीवर टर्रकन उसवला. "शिवणच कच्ची!" ढब्बू चारचौघांत ओरडला. "माप घेतल्यावर तू फुगलास!" मास्तरही तितक्याच जोरात म्हणाले. झालं, तेव्हापासून बोलणं बंद. मास्तरांचे केस बायको कापू लागली, म्हणून ती टोपी. ढब्बू तयार पँट घालू लागला आणि तिचे पाय खालून दुमडू लागला. ते दुमडलेले पाय दुकानासमोरून गेले की मास्तरांच्या काळजात सुई टोचायची.

आणि आता सलूनच्या दारावर पाटी लागली होती, 'दुकान विकणे आहे'. ढब्बू मुलाकडे राहायला निघाला होता, कायमचा. मास्तरांची झोप उडाली, पण आधी बोलायचं म्हणजे शिवण कच्ची होती असं कबूल करण्यासारखंच! शेवटी समोरच्या औषधवाल्या मित्राने तोड काढली. तिघांनी बोटीतून खोल समुद्रात जायचं. ज्याचा ट्यूना मोठा, त्याच्याशी दुसऱ्याने आधी बोलायचं आणि माफीही मागायची.

बोट सुटताच औषधवाल्याने सगळ्यांना उलटीवरच्या गोळ्या वाटल्या. स्वतः घ्यायचा मात्र विसरला. किनारा दिसेनासा व्हायच्या आत तो आतल्या बाकावर आडवा झाला आणि बोटवाला त्याच्यासाठी बादली धरून बसला. म्हणजे मध्यस्थच बाद! बाहेर दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले, मास्तर डावीकडे, ढब्बू उजवीकडे. मागे वळून बघायचं नाही हे न बोलताच ठरलं.

ऊन चढेपर्यंत काही नाही. मग एकदम मास्तरांचा रॉड धनुष्यासारखा वाकला.

"लागला! मोठा लागलाय!" मास्तर ओरडले.

"माझ्याही गळाला लागलाय!" ढब्बू समुद्राला सांगितल्यासारखा ओरडला.

मास्तर रीळ फिरवू लागले. मासा कसला, बैल होता! हातभर दोरा आत घ्यावा, तर तो दोन हात परत ओढून न्यायचा. मास्तर घाम पुसायला थांबले की जास्तच जोर करायचा. मास्तरांनी पाय रोवले, दात आवळले, मनातल्या मनात ढब्बूची माफीही ऐकून घेतली. वा, काय गोड वाटली!

तेवढ्यात रॉडला हिसका बसला. पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. मग सगळं शांत. थोड्या वेळाने पुन्हा तसेच तीन हिसके. असला हिशेबी मासा मास्तरांनी कधी ऐकला नव्हता. तिसऱ्या वेळी वारा जरा पडला आणि हिसक्यांबरोबर मागून आवाजही आला, "आक्छी! आक्छी! आक्छी!"

मास्तर थिजले. ढब्बू शाळेपासून एकदम तीनच शिंकायचा. मुख्याध्यापकांच्या भाषणातसुद्धा तीन.

त्यांनी हळूच मान वळवली. ढब्बूचा दोरा पाण्यात शिरून बोटीखाली तिरका येत होता. इकडे त्यांचा स्वतःचा दोरा तितकाच तिरका तिकडे जात होता. ढब्बूचं तोंड लालबुंद झालं होतं आणि तो हसत होता, अगदी शाळेत पहिला पतंग कापला तेव्हा हसला होता तसा. पायाशी ती दुमडलेली पँट. मास्तरांना एकदम भरून आलं. हा माणूस गेल्यावर भिंतीपलीकडे कोण शिंकणार?

"ढब्ब्या," मास्तर म्हणाले, "ओढू नकोस. मीच आहे."

"गप रे काड्या! मोठा लागलाय!" ढब्बू रीळ फिरवतच म्हणाला.

"अठ्ठावन्न किलो."

"तुला काय माहीत?"

"परवाच वजन केलंय. औषधवाल्याच्या काट्यावर."

"कोणाचं?"

"माझं!"

ढब्बूचा हात थांबला. त्याने दोऱ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि मग असा हसत सुटला की मास्तरांच्या हातातला रॉडही गदगदू लागला. बोटवाला बादली घेऊन बाहेर आला. "मला मघाशीच दिसलं होतं काका," तो म्हणाला, "पण दोघंही एवढे खूश होता, म्हटलं राहू दे."

"म्हणजे जिंकलं कोण?" आतून क्षीण आवाज आला.

"हाच!" ढब्बू डोळे पुसत म्हणाला. "याने ऐंशी किलोचा धरलाय. चुकलं रे काड्या. शिवण पक्की होती, मीच फुगलो होतो."

"शिवण थोडी कच्चीच होती," मास्तर पुटपुटले. "ते जाऊ दे. आधी ती पँट काढून दे मला. दोन वर्षं बघवत नाहीये."

"आणि तुझं डोकं बघवतंय होय? टोपी काढ बघू... अरे देवा! हे असं सोडून मी कुठे जाणार? उद्याच पाटी उतरवतो."

संध्याकाळी मास्तर घरी आले. बायको फ्रीजचं दार उघडं धरूनच उभी होती.

"रिकाम्या हाताने? काहीच नाही लागलं?"

"लागला ना. चांगला ऐंशी किलोचा."

"मग आणला का नाही?"

"आणलाय की," मास्तर म्हणाले. "बाहेर चपला काढतोय."