मगदूम अण्णांची अंधारी न्हाणी

भूपाल अण्णा मगदूम कुणाच्याही घरी गेले, की पुढे आलेला पाण्याचा तांब्या आधी उजेडाला धरत. मग बोट बुडवून दोन बोटांत पाणी चोळत, वास घेत, आणि तांब्या खाली ठेवून म्हणत, “जड हाय.” घरातल्या बाईचा चेहरा पडे. पाण्यात काय पडलं की काय, म्हणून ती बिचारी तांब्यात डोकावून बघे. तेव्हा अण्णा तिची समजूत काढत, “प्यायला झकास हाय वहिनी. फिल्म धुवायला न्हाई चालायचं.”

आमचा साखर कारखाना कराड आणि आष्ट्याच्या मधे कुठेतरी, उसात बुडालेला. अण्णा तिथे लॅबोरेटरीत केमिस्ट, मी शेतकी खात्यात. कॉलनीत आमच्या दोघांची घरं भिंतीला भिंत लावून. कॉलनीतलं कुणी विट्याला, सांगलीला किंवा सासुरवाडीला निघालं, की अण्णा रिकामी बाटली घेऊन दारात उभे. “तिथलं पाणी आणा. विहिरीचं असलं तर लय चांगलं.” एकदा माझ्या सासूबाई कराडहून यायच्या होत्या. त्यांना निरोप गेला. त्यांनी बापड्यांनी कृष्णा-कोयनेच्या संगमावर भल्या सकाळी जाऊन, आंघोळ करून, भक्तिभावानं बाटली भरून आणली. अण्णांनी त्यांच्यादेखत ती घमेल्यात ओतली आणि त्यात फोटो धुताना लागणारा हायपो ढवळला. त्या दिवसानंतर सासूबाई अण्णांशी कधी बोलल्या नाहीत. अण्णांना ते कळलंही नाही, कारण ते त्या वेळी घमेल्यात बघत होते.

तर सांगायचं म्हणजे, अण्णांना फोटो काढायचा नाद होता असं लोक म्हणत, ते खरं नव्हतं. फोटो कुणीही काढतो. अण्णांना नाद होता तो फोटो धुण्याचा. त्यासाठी त्यांनी स्वतःची न्हाणी बळी दिली होती. खिडकीला डांबरी कागद, दाराच्या फटीला जुनी घोंगडी, वर लाल कागद गुंडाळलेला दिवा. आंघोळ ते मागच्या अंगणात, हौदाशेजारी करत. आणि आंघोळी तरी किती! जातीनं जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं, की फिल्मवरचा थर जनावरांच्या हाडांपासून बनवतात. आठवडाभर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग काय मनाशी ठरवलं कोण जाणे, पण तेव्हापासून प्रत्येक रोल धुतला की डोक्यावरून आंघोळ. थंडीतही. अंगणातून बादलीचा आवाज आला, की माझी बायको सुमन म्हणायची, “झाला वाटतं अण्णांचा रोल.”

बाजारात डेव्हलपरची, म्हणजे फिल्म धुण्याच्या मसाल्याची, तयार पुडी मिळायची. अण्णांना ती चालत नसे. “दुसऱ्यानं कालवलेलं कशाला वापरायचं? आत काय हाय ते आपल्याला ठावं नगं?” असं म्हणून ते सांगलीहून वेगवेगळी रसायनं आणत आणि तराजूवर तोलून आपला डेव्हलपर आपण बनवत. तेवढ्यावर थांबले असते तर कॉलनीतल्या लग्नाकार्यांचे फोटो बरे आले असते. पण अण्णा थांबणारे नव्हते. त्यांनी चहात रोल धुऊन पाहिला. हिरड्याच्या काढ्यात पाहिला. पानवाल्याकडून कात आणून त्यात पाहिला. दर वेळी काहीतरी उमटायचं, पण ते काय आहे ते अण्णांनाच सांगावं लागे. एका उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं, की फिल्मवरचा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून घमेल्यात तरंगायला लागला. त्यावर आमच्या कॉलनीतलं एक अख्खं लग्न होतं. नवरदेवाचा बाप भांडायला आला, तर अण्णांनी त्यालाच बर्फ आणायला पिटाळलं. “चूक कळली आता. परत एकदा करू.”

“अहो, लग्न परत कसं करणार?” तो म्हणाला.

“लग्न नगं. तुमी नुसतं हार घालून हुबं ऱ्हावा.”

‘परत एकदा’ हा अण्णांचा मंत्रच. माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो त्यांनी काढले. त्यात पाळणा स्वच्छ दिसत होता, पाळण्यावरची चिमणीसुद्धा दिसत होती, मुलगी तेवढी नव्हती. तिच्या जागी पांढरा ढग. अण्णा म्हणाले, “पाळणा बघा कसा शार्प आलाय! पोरीचं परत एकदा करू.”

त्यांचं स्वतःचं लग्नही असंच राहिलं. तरुणपणी मुलगी बघायला गेले ते कॅमेरा घेऊन. मुलगी पसंत होती, घरचेही राजी होते. अण्णांनी हौसेनं तिचा फोटो काढला, घरी येऊन नव्या मसाल्यात धुतला आणि तिच्या वडिलांना नेऊन दिला. फोटोत मुलीच्या गालावर भले मोठे डाग. वडिलांना वाटलं, हा माणूस मुलीत खोट काढतोय. स्थळ मोडलं. “पाण्यात खोट होती हो, पोरीत न्हवती,” एवढंच अण्णा म्हणायचे, आणि विषय बदलायचे. त्यानंतर त्यांनी दुसरं स्थळ पाहिलं नाही. एवढ्या एका बाबतीत मात्र ‘परत एकदा’ झालं नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग तानूबाई आल्या.

तानूबाई म्हणजे माझ्या फिरतीवरच्या एका गावातली म्हातारी. घरचा ऊस आमच्या कारखान्याला यायचा. एकुलता एक मुलगा नामदेव फौजेत होता, तो एकाहत्तरच्या लढाईत गेला. त्याची काळी पेटी घरी आली, त्यात कपड्यांच्या घडीखाली खोक्यासारखा एक साधा कॅमेरा होता. आत अर्धवट वापरलेला रोल तसाच. म्हातारीनं तीनेक वर्षं पेटीला कुणाला हात लावू दिला नव्हता. घरात नामदेवचा एकच फोटो होता, भरती झाल्यावर साऱ्या पोरांबरोबर काढलेला. एका पावसाळ्यात भिंतीला वाळवी लागली आणि तोही गेला. तेव्हा ती कॅमेरा घेऊन कराडला एका स्टुडिओत गेली. तिथल्या माणसानं सांगितलं, रोल जुना झालाय, पेटीत तापलाय, यातून काही निघायचं नाही.

उसाची पाहणी करायला मी तिच्या घरी गेलो होतो, तेव्हा तिनं हे मला सांगितलं. बोलता बोलता मी अण्णांचं नाव घेऊन बसलो. पुढच्याच रविवारी ती फडक्यात कॅमेरा बांधून आमच्या कॉलनीत हजर.

“सावंत सायेब म्हनलं, तुमी बिघाडल्यालं फटू नीट करता.”

अण्णा प्रामाणिक माणूस. “मावशी, मी नीट फोटो बिघाडतो आसं लोक म्हणत्यात.”

तिनं फडकं सोडलं आणि कॅमेरा त्यांच्यापुढं ठेवला. “ह्यात माझा ल्योक हाय. तेवढा भाईर काढा.”

अण्णांचा हात पुढे झाला आणि थांबला. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी चहा पिऊन गेल्यावर ते मला म्हणाले, “सावंत, हे तुमी काय केलं? हा रोल एकदाच धुता येतोय. ह्याला परत एकदा न्हाई.”

पण रोल त्यांनी परत पाठवला नाही. अंधारात कॅमेरा उघडून रोलचा न वापरलेला मागचा भाग त्यांनी कापून घेतला. मला समजावून सांगितलं, की हे शेपूटही पुढच्या फोटोंइतकंच म्हातारं आहे. उष्णतेनं त्यांना जे झालं असेल तेच यालाही झालंय. याच्यावर जो मसाला चालेल तो त्यांच्यावर चालेल. मग सुरू झाले प्रयोग. शेपटाची नखाएवढी चकती कापायची, अर्धी झाकून तिला क्षणभर उजेड दाखवायचा, मसाल्यात टाकायची. झाकलेला भागही काळाठिक्कर निघायचा. पुन्हा मसाला बदलायचा. तोवर गळीत हंगाम सुरू झाला होता. अण्णा पाळी संपवून यायचे, जेवायचे आणि न्हाणीत शिरायचे. थंड पाण्यात केलं, कमी वेळ केलं, नाना प्रकारची औषधं घातली. दर बाजाराच्या दिवशी तानूबाई कॉलनीवरून वाकडी वाट करून यायच्या, पायरीवर बसायच्या आणि काही न विचारता निघून जायच्या. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. अण्णांचं जेवण कमी झालं. शेपूट आखूड होत चाललं.

एक दिवस अण्णा आमच्या दारात. “वहिनी, कॉफी हाय का?”

सुमननं आधण ठेवलं.

“उकळू नगा. पूडच पायजे. हाय तेवढी समदी.”

कॉफीची पूड आणि धुण्याचा सोडा, यांत एक चकती त्यांनी वैतागून बुडवली होती आणि ती इतरांपेक्षा स्वच्छ निघाली होती. तेव्हापासून कॉलनीत कॉफी दिसेना. आमच्याकडे मुळात चहाचीच माणसं. ज्याच्याकडे पाहुण्यांसाठी ठेवलेली पूड होती ती अण्णांनी नेली. भिंतीपलीकडून जो वास यायचा तो मी काय सांगू! गोठ्यात कुणी हॉटेल काढल्यासारखा. सुमन नाकाला पदर लावून स्वयंपाक करायची, पण तिनं तक्रार केली नाही. बाटलीचा राग धरून बसलेल्या माझ्या सासूबाईंनी कराडहून कॉफीचा डबा धाडला. निरोप एवढाच, की माझं नाव सांगू नका.

शेवटची चकती धुऊन झाल्यावर अण्णा म्हणाले, “आता कापायला काय उरलं न्हाई. मावशीला बोलवा.”

रविवारी दुपारी तानूबाई आणि मी अण्णांच्या पायरीवर बसलो. आत दार बंद. थोड्या वेळानं वास सुटला.

“काय शिजवत्याती आत?” तानूबाईंनी विचारलं.

“कॉफी.”

“पाव्हनं हायती व्हय?”

आतून पाणी हलवल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले. घामानं भिजलेले, हातात ओली फिल्म. ती त्यांनी उन्हाकडे धरली. फिल्मवर करडं धुकं होतं, पण त्या धुक्यात माणसं उभी होती.

“आलंय,” अण्णा म्हणाले. एवढंच.

फिल्म वाळली, तिथेच कागदावर फोटो उतरवले. अण्णांनी ते एकेक करून तानूबाईंच्या मांडीवर ठेवले. एक तंबू. मगातून चहा पिणारा दाढीवाला जवान. एक खेचर. मागे डोंगर. दोन पोरं गळ्यात गळा घालून हसताहेत. म्हातारी प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. “ह्यो न्हवं... ह्यो बी न्हवं... ह्यो कुनाचा ल्योक गं बाई?”

फोटो संपत आले आणि मला कळलं. अण्णांनाही कळलं. फोटो काढणारा नामदेव होता. तो कॅमेऱ्याच्या मागे होता.

अण्णा पायरीवर बसले. “मावशी, मला माफ करा. रोल निघाला, पर पोरगा न्हाई निघाला.”

तानूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांच्या हातात शेवटचा फोटो होता. एक जवान किटली घेऊन उन्हात उभा, डोळे बारीक केलेले. आणि त्याच्या पायापर्यंत, जमिनीवर, फोटो काढणाऱ्याची लांब सावली. दोन्ही कोपरं बाहेर, डावा खांदा जरा खाली.

“ह्यो हाय की!” म्हातारी म्हणाली. सावलीवर तिनं बोट ठेवलं. “ह्यो माजा नामू. आसाच खांदा पाडून हुबा ऱ्हायचा. किती येळा वरडले त्याला, सरळ हुबा ऱ्हा म्हनून. आक्शी बापावानी!” ती हसली, आणि हसता हसता तिनं तो फोटो पदरात घेऊन छातीशी धरला.

अण्णांनी तो फोटो मोठा करून दिला. कराडच्या फ्रेमवाल्यानं सुचवलं, की खालची सावली कापली तर चित्र चांगलं दिसेल. अण्णा त्याच्या अंगावर असे धावून गेले, की मला मधे पडावं लागलं.

फ्रेम न्यायला तानूबाई आल्या त्या दिवशी अण्णांनी त्यांना आपली ट्रंक दाखवली. काठोकाठ फिल्मी आणि फोटो. कॉलनीतली सगळी माणसं, डागाळलेली, ढगाळलेली. म्हातारीनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “ह्यात तुमी कुठं?”

“मी न्हाई. काढणारा मीच न्हवं का.”

“एक बी न्हाई?”

अण्णांनी मान हलवली.

“मग तुमास्नी कोन वळकंल?” असं म्हणून तिनं फ्रेम फडक्यात बांधली आणि ती एसटी गाठायला निघाली. तिला त्या प्रश्नाचं उत्तर नको होतं. अण्णा मात्र ट्रंक उघडी टाकून तसेच उभे राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बघतो तर अण्णा. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात कॅमेरा. तो त्यांनी माझ्यापुढं केला.

“सावंत, जरा रिकामं हाय का?”

आम्ही अंगणात गेलो. कुठलं बटण दाबायचं, ऊन कुठे हवं, श्वास कसा धरायचा, सगळं त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग हौदाला पाठ लावून ते माझ्यासमोर उभे राहिले. मी कॅमेऱ्यात बघितलं. अण्णांनी हात मागे घेतले, मग पुढे बांधले, मग सोडून दिले. आयुष्यभर लोकांना उभं करणारा माणूस माझ्याकडे बघत होता.

“सावंत,” त्यांनी हळूच विचारलं, “हात कुठं ठिवायचं असत्यात?”