अकरा साहेबांची चाचणी

संशोधक बाईंनी बैठकीच्या खोलीबाहेरून नवऱ्याला फोन लावला, तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"अहो, पिशवीत कुठला गठ्ठा भरलात?"

"टेबलावरचा. निळ्या दोऱ्याचा."

"अहो, निळा तिसरीच्या मुलांच्या चाचणीचा! अहवाल लाल दोऱ्याचा होता!"

"अगं, मग दोन्ही सारखेच जाड कशाला केलेस?"

मागे पडणाऱ्या मुलांना शाळेत रोज एक तास जास्त शिकवावं, एवढंच बाईंचं मागणं होतं. त्यासाठी तीन वर्षं त्या पन्नास शाळांच्या बाकांवर बसून आल्या होत्या. आज शिक्षण खात्याचे अकरा अधिकारी ते मंजूर करणार होते, नाहीतर कायमचं कपाटात टाकणार होते. आणि शिपायाने कागद वाटूनही टाकले होते.

बाई धावत आत गेल्या. "साहेब, जरा गोंधळ झालाय..."

"श्शू!" संचालक म्हणाले. "वर लिहिलंय, बोलू नये. वेळ वीस मिनिटं."

समोर आलेला कागद भरायचा, ही साहेबांची जन्माची सवय. सगळ्या माना खाली गेल्या.

पहिलाच प्रश्न होता, अठ्ठेचाळीस पेन्सिली सात मुलांत सारख्या वाटल्या तर किती उरतील? लेखाधिकाऱ्यांनी लिहिलं, 'पेन्सिली कोणाच्या परवानगीने घेतल्या, ते आधी कळवावे.' उपसंचालकांनी 'सहा' लिहिलं, मग घाबरून पुढे 'अंदाजे' जोडलं. एक साहेब दहा मिनिटं उशिरा आले आणि रडवेले होऊन पेन शोधू लागले.

वेळ संपली. बाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी सवयीने पेपर तपासले. संचालकांना वीसपैकी सात.

"सात?" संचालक लालबुंद झाले. "मला सगळं येत होतं हो! चष्मा गाडीत राहिला!"

"माझं घर लांब," उशिरा आलेले साहेब म्हणाले. "मला दहाच मिनिटं मिळाली. हा कुठला न्याय?"

"त्या पंख्याच्या खडखडाटात लक्ष लागतं का कुणाचं?" उपसंचालकांनी विचारलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "मुलंही हेच सांगतात. अहवालात पान चार, पाच आणि सहा."

संचालकांनी तिथल्या तिथे शेरा मारला, 'जादा तास तातडीने मंजूर.'

आठ दिवसांनी आदेश घरी आला. नवऱ्याने मोठ्याने वाचला, "लाभार्थी, बैठकीतील अकरा सदस्य. मुलांचा विचार पुढील वर्षी." तो थांबला. "अगं, साहेबांनी स्वतःलाच शिकवणी लावून घेतली की!"

बाईंनी आदेश हिसकावून पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. तास त्यांनीच घ्यायचा, असं लिहिलं होतं. कुठे घ्यायचा आणि शेजारी कोण बसवायचं, याबद्दल चकार शब्द नव्हता.

सोमवारी एका लहानशा शाळेत, बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून अकरा साहेब बसले. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मूल.

महिन्याभराने बाईंनी पुन्हा चाचणी घेतली. संचालकांना चौदा मिळाले, त्यांच्या शेजारच्या मुलीला एकोणीस.

तास सुटल्यावर संचालक घुटमळले. सगळे गेल्याची खात्री करून हळूच म्हणाले, "बाई, तेवढी माझी जागा बदलता का? ही पोरगी उत्तरं झाकून लिहिते."