स्थावर आता घरबसल्या

ज्या वस्तूला हात लावायची सगळ्यांनाच भीती वाटते, तिच्याभोवती माणसं एक तर कुंपण घालतात, नाही तर कार्यालय थाटतात. नोंदणी कार्यालयाच्या मागच्या खोलीत असं एक यंत्र होतं. त्यात शहरातल्या प्रत्येकाचा जन्म, विवाह आणि मृत्यू साठवलेला होता (याच क्रमाने, क्रम चुकला तर यंत्र नोंद घेत नसे).

यंत्र ज्या प्रणालीवर चालायचं तिचं नाव 'स्थावर'. ही प्रणाली जगात तीनच ठिकाणी बसवली गेली. एका ठिकाणी आता संग्रहालय आहे, दुसरीकडे आग लागली, आणि तिसरं ठिकाण हे. ती लिहिणारे गृहस्थ हल्ली मधमाश्या पाळतात. संगणकाचा विषय काढला की ते पोळ्यावरचं झाकण उचलतात, त्यामुळे चौकशी फार लांबत नाही.

स्थावरचे गुण गावे तितके थोडे. तिला माऊस ठाऊक नव्हता. रंग एकच ठाऊक होता, हिरवा. इंटरनेटची तार जोडली की ती मान टाकायची आणि दोन दिवस रुसून बसायची, त्यामुळे एकदा अनुभव घेतल्यावर पुन्हा कुणी त्या वाटेला गेलं नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजवर एकाही चोराने तिच्यात शिरायचा प्रयत्न केला नाही, कारण त्यासाठी आधी तिची साडेसातशे पानी पुस्तिका वाचावी लागली असती (उत्तरार्ध गहाळ).

ही पुस्तिका वाचलेला एकच माणूस होता, मागच्या खोलीतला कारकून. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायचा म्हणून त्याला सगळे शिस्तोबा म्हणत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली नऊ वर्षं त्याची बायको सात तासांवरच्या एका शहरात मुख्याध्यापिका होती. दोन घरं, दोन कुलपं, दोन पोळपाट, आणि संसार मात्र एक. तिला शाळा सोडत नव्हती आणि त्याला स्थावर. लोक सवतीला घाबरतात. मुख्याध्यापिकाबाईंच्या नशिबी हिरव्या अक्षरांची सवत आली होती.

शेवटी शिस्तोबाने अर्ज केला. "स्थावर प्रणाली वेब ब्राउझरमधून उघडता यावी, जेणेकरून कर्मचाऱ्यास कोठूनही, उदाहरणार्थ पत्नीच्या गावाहून, काम करता येईल." कार्यालयाच्या साहेबांना कल्पना फार आवडली. त्यांनी तिच्यात किरकोळ सुधारणा केल्या. 'कर्मचाऱ्यास' खोडून 'नागरिकांस' केलं आणि पत्नीचं उदाहरण काढून टाकलं. सुधारलेला अर्ज लगेच मंजूर झाला.

मग सल्लागार आले. त्यांनी तीन महिने स्थावरकडे लांबून पाहिलं आणि अहवाल दिला की सगळं शक्य आहे, फक्त यंत्राला हात लावायचा नाही. त्यांची योजना साधी होती. स्थावरच्या पडद्यासमोर एक कॅमेरा लावायचा; त्यातलं चित्र नागरिकाला ब्राउझरमध्ये दिसेल. नागरिक घरी बसून जे टाइप करेल ते खोलीतल्या दुसऱ्या पडद्यावर उमटेल. आणि त्या पडद्यावरून वाचून ते स्थावरच्या कळफलकावर टाइप होईल. कोण करेल, हे अहवालात नव्हतं. आराखड्यात मात्र दोन बाणांच्या मध्ये एक चौकोन होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'मध्यस्थ घटक'.

"साहेब, या चौकोनात कोण आहे?" शिस्तोबाने विचारलं.

"त्याची काळजी नको. तुम्हीच आहात."

"पण साहेब, अर्ज मी इथून जाता यावं म्हणून केला होता."

"मग! बघा, तुमच्या अर्जाचं कसं सोनं झालं."

अन्याय नको म्हणून त्या चौकोनासाठी रीतसर चाचणी झाली. समोर एक यांत्रिक हात होता. हाताच्या चुका शंभरात अकरा, शिस्तोबाच्या शून्य. मुद्दाम चारदोन चुका करून हरायचं त्याच्या मनात होतं. आदल्या दिवशी त्याने सरावही केला होता. पण कळफलक समोर आला आणि बोटांनी ऐकलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सेवेचं थाटात उद्घाटन झालं. आता सगळं कुठूनही करता येत असल्याने बाकीचे कर्मचारी घरून काम करू लागले, म्हणजे घरी राहू लागले. साहेब गच्चीतून काम पाहू लागले. पहारेकरीसुद्धा घरूनच पहारा देऊ लागला. इमारतीत शिस्तोबा तेवढा उरला, कारण त्याच्याशिवाय कुणालाच कार्यालयात न येता काम करता येत नव्हतं.

घटकाला कामाचे तास नसतात, उपलब्धता असते. शिस्तोबाची उपलब्धता पहिल्या वर्षी सत्त्याण्णव टक्के भरली (उरलेल्या तीन टक्क्यांत झोप, जेवण आणि एक दाढ). ब्राउझरमध्ये मध्येच गोल फिरायला लागलं की लोक इंटरनेटला शिव्या घालत. तो बिचारा पाणी प्यायला उठलेला असे.

यंत्राच्या खोलीत फोन नेण्यास मनाई होती. पुस्तिकेच्या पूर्वार्धातच तसं म्हटलं होतं. बाईंनी मात्र वाट काढली. दाखल्याच्या अर्जात शेवटी 'शेरा' असा एक रकाना असे आणि त्यात कधीच कुणी काही लिहीत नसे. त्या रोज स्वतःचा जन्मदाखला मागू लागल्या. शेऱ्यात लिहीत, "अहो, जेवलात का?" नियमाप्रमाणे शिस्तोबा ते जसंच्या तसं टाइप करी. उत्तरासाठी स्थावरने तीनच पर्याय दिले होते: मंजूर, नामंजूर, कागदपत्रे अपुरी.

"अहो, जेवलात का?" मंजूर.

"दमलात ना?" मंजूर.

"माझ्यावर रागावलात?" नामंजूर.

"या महिन्यात येता का दोन दिवस?" कागदपत्रे अपुरी.

पुष्कळ जोडपी एका घरात राहून एवढंही बोलत नाहीत. साहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी ते सेवेच्या फायद्यांत घातलं असतं.

एका शुक्रवारी शेऱ्यात आलं, "मंगळवारी दुपारी डोळ्याचं ऑपरेशन. सोबत घरचं माणूस हवं म्हणतात. भीती वाटते हो." शिस्तोबाने ते टाइप केलं, नेहमीसारखंच बिनचूक, आणि मग त्याला रडू कोसळलं. शहरभर त्या वेळी गोल फिरत होतं. डोळे पुसून त्याने 'मंजूर' दाबलं आणि बाहेर जाऊन साहेबांना फोन लावला.

"रजा माणसाला मिळते हो," साहेब कळवळून म्हणाले. "आराखड्यात तुम्ही घटक आहात. घटकाला रजा दिली तर उद्या कॅमेराही मागेल."

"साहेब, बायकोचा डोळा आहे."

"तर मग असं लिहा की देखभालीसाठी सेवा एक दिवस बंद. लगेच सही करतो. मी काय राक्षस आहे?"

मंगळवारी उजाडताच शिस्तोबा बसमध्ये बसला. मांडीवर पिशवी, पिशवीत संत्री. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला नेमकी गरज असताना तो तिच्याकडे निघाला होता आणि त्याला लहान मुलासारखा आनंद झाला होता. दहाच्या सुमारास फोन वाजला.

"तक्रारींचा नुसता पाऊस पडलाय," साहेब म्हणाले. "वरून विचारणा झालीय. कुठे आहात?"

"अर्ध्या वाटेवर, साहेब."

"मग बरंच झालं की. अर्धंच परत यायचंय."

बस थांबली तिथे तो उतरला, रस्ता ओलांडला आणि उलट्या दिशेच्या बसची वाट पाहत उभा राहिला. बाईंसोबत शाळेतल्या शिपाईबाई गेल्या. दवाखान्याच्या कागदावर 'रुग्णाशी नाते' या जागी त्यांनी लिहिलं, 'शाळेतल्या'. डोळा वाचला. आठवड्याने बाईंचा जन्मदाखल्याचा अर्ज पुन्हा आला. शेऱ्याचा रकाना रिकामा होता.

आता त्या मंगळवारच्या तक्रारींविषयी. त्यांतली एक तुमची होती. तुम्हाला आठवणार नाही, कारण घाई अशी काही नव्हतीच. दाखला पुढल्या महिन्यात लागणार होता. चहा पिता पिता सहज बसला होतात. पडद्यावर 'देखभालीसाठी सेवा बंद' असं दिसलं. तुम्ही पाचांपैकी एक तारा दिलात आणि खाली लिहिलंत, "फुकटचा पगार खातात. यांना कामच करायचं नसतं." तक्रारींची नोंदही स्थावरमध्येच होते. संध्याकाळी परत आल्यावर शिस्तोबाने संत्री टेबलावर ठेवली आणि चपला न काढताच तुमची तक्रार टाइप केली, एक अक्षरही न गाळता.

आपल्या अभिप्रायाबद्दल कार्यालय आपलं आभारी आहे. त्याची तातडीने दखल घेण्यात आली असून, सेवा यापुढे एकही दिवस बंद राहणार नाही.