शेवटचं कोण?

नदीच्या जुन्या पात्रातल्या बागेत, माळ्याच्या खोपटासमोरच्या बाकावर बाउतिस्ता मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत बसला होता. ‘फिना, रविवारी पाएया भात खायला घरी येतेस?’ वाक्य साधंच. पण वालेन्सियात एखाद्या विधुराने रविवारच्या पाएयाला बाई घरी आणली, की मुलं-सुना काय ते समजतात! फिना रोज इथेच कुत्रा घेऊन यायची. वर्षभर दोघं हवेवर आणि गुडघ्यांवर बोलत आले होते. आता मात्र तिची बहीण तिला कायमचं अलिकांतेला बोलावत होती. आज नाही विचारलं, तर मग बसा कबुतरांशी बोलत.

तेवढ्यात पिशवी घेतलेली एक ठसकेबाज बाई समोर उभी राहिली. “शेवटचं कोण?”

“मी,” बाउतिस्ता म्हणाला.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? मासळीबाजार असो की दवाखाना, इथे रांगेत उभं कोण राहतं? आल्या आल्या हा प्रश्न विचारायचा, ‘मी’ म्हणणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. जन्माची सवय; डोकं जागं व्हायच्या आत तोंड बोलून गेलं.

“मग तुमच्यामागे मी, रेमेदिओस,” बाई बाकावर ऐसपैस बसली. “जिरेनियमची रोपं फुकट वाटणारेत ना?”

बाउतिस्ता खुलासा करणार, तोच एक जोडपं आलं. “शेवटचं कोण?”

“मी!” रेमेदिओसबाईंनी हात वर केला.

‘फुकट’ हा शब्द बागभर पसरायला कितीसा वेळ लागतो! सगळे बाक भरले. कोणी म्हणे लिंबाची रोपं, कोणी म्हणे शेणखत.

“अहो, इथे काही वाटत नाहीयेत!” बाउतिस्ता ओरडला.

“वा रे वा! आम्ही घरी जायचं आणि सगळं तुम्ही एकट्याने उचलायचं?”

इतक्यात फिना आली. “शेवटचं कोण?” कारंज्यापाशी एका टोपीवाल्याने हात वर केला आणि ती तिकडेच जाऊन बसली. बाउतिस्ताचा जीव कासावीस झाला. तो उठला.

“बघा हं, उठलात तर पहिला नंबर गेला!” रेमेदिओसबाईंनी दम भरला.

“तुम्हीच घ्या तो!”

तो तडक कारंज्यापाशी गेला. “शेवटचं कोण?”

“मी,” फिना म्हणाली.

“मग तुझ्यामागे मी.”

तिकडे माळी येऊन सांगत होता, की खोपटात फावड्यांशिवाय काही नाही. लोक त्याच्यावरच खेकसले. त्या गलक्यात बाउतिस्ताने एका दमात विचारून टाकलं, “फिना, रविवारी पाएयाला घरी येतेस?”

“वर्षभर पहिला नंबर धरून बसलास आणि विचारायला शेवटून आलास होय रे?” फिना हसली. “येते.”

“आणि बहीण?”

“तिला कालच नाही म्हणून कळवलं.”

बाउतिस्ताला इतका आनंद झाला, की त्याने कुत्र्याचाच पंजा हातात घेतला. तेवढ्यात मागून ठसक्यात आवाज आला, “काय, पाएया वाटतायत? शेवटचं कोण?”

या खेपेला बाउतिस्ताने तोंड घट्ट मिटून घेतलं.

“मी!” फिना म्हणाली.